तास संपल्यावरचं विद्यापीठ

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या स्वारगेट आणि शिवाजीनगर स्थानकांवर एसटीतून बॅगा, गाद्यांच्या वळकट्या आणि लाडू-चिवड्याचे डबे घेऊन मुलं-मुली उतरत असतात. कोणी संगमनेरहून आलेलं असतं, कोणी सिन्नरहून, कोणी लातूर-परभणीकडून. कॉलेजात प्रवेश झालेला असतो, कॉट बेसिसवर खोली मिळालेली असते, मेस ठरलेली असते. घरच्यांच्या दृष्टीनं काम फत्ते झालेलं असतं. मुलाची खरी परीक्षा मात्र पुढच्या महिन्याभरात होते. वर्गात शंभर-सव्वाशे डोकी, शिक्षकांना नाव ठाऊक असण्याची शक्यता कमी, शेजारच्या बाकावरचा रोज वेगळा. दिवसभरात हॉटेलवाला आणि कंडक्टर सोडले तर कोणाशी बोलणंच झालं नाही, अशी संध्याकाळ अनेकांच्या वाट्याला येते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारखं विद्यापीठ म्हणजे केवढा पसारा! गणेशखिंडीतला मुख्य परिसरच 411 एकरांचा. 1949 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं जोडलेली आहेत आणि विद्यार्थी काही लाख आहेत. देशाचा विचार केला तर उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या 2021-22 च्या सरकारी सर्वेक्षणात 4 कोटी 33 लाखांवर गेली होती आणि त्यात महाराष्ट्र उत्तर प्रदेशाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता. इतक्या मोठ्या व्यवस्थेत एकट्या मुलाला आपलं म्हणावं असं काही मिळतं ते कुठे? वर्गात क्वचित. ज्यांना मिळतं, त्यांना ते बहुधा तास संपल्यावर मिळतं. नाटकाच्या तालमीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, वादविवादाच्या संघात, मैदानावर, वसतिगृहाच्या गच्चीवर. या सगळ्याला आपण 'अभ्यासेतर' म्हणून बाजूला ठेवतो. मोठं विद्यापीठ राहण्याजोगं होतं ते मात्र या लहान लहान गटांमुळेच. त्यांचं काम कसं चालतं आणि त्यांच्यापासून दूर कोण राहतं, हे म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

मंडळी आधी, विद्यापीठ नंतर

मुंबई विद्यापीठ 1857 चं. पण मुंबईतल्या विद्यार्थ्यांची पहिली नावाजलेली संस्था त्याच्याही नऊ वर्षं आधीची आहे. 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड ही मंडळी या वर्तुळातली. सभासद जमायचे, निबंध वाचायचे, त्यावर चर्चा व्हायची. इंग्रजी न येणाऱ्या लोकांपर्यंतही हे ज्ञान पोचावं म्हणून मराठी आणि गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक मंडळ्या, निघाल्या.

निबंधवाचनावर हे थांबलं असतं तर एक हौशी मंडळ म्हणून त्याची नोंद झाली असती. पण 1849 मध्ये याच तरुणांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. जागा मिळवणं, मुलींच्या घरी जाऊन पालकांची समजूत काढणं, सुरुवातीला स्वतःच शिकवणं, हे सगळं त्यांनी केलं. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींच्या शाळेसाठी शेण-दगड झेलत होते. मुंबईतल्या मुलांची परिस्थिती त्या मानानं सोपी होती, तरी समाजाचा रोष त्यांनाही चुकला नाही.

ही हकिगत मुद्दाम सांगितली, कारण विद्यार्थी एकत्र येऊन काही करतात ते केवळ विरंगुळा म्हणून, हा समज आपल्याकडे पक्का आहे. आपल्या आधुनिक उच्च शिक्षणाच्या मुळाशीच विद्यार्थ्यांचं असं मंडळ आहे. पदवी देणारी व्यवस्था त्यानंतर आली.

गळती कशी लागते

मुलं शिक्षण मध्येच का सोडतात, या प्रश्नावर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये एक मांडणी केली. ती पुढे जगभर वापरली गेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यार्थी टिकतो की गळतो हे त्याच्या हुशारीवर किंवा घरच्या पैशांवरच ठरत नाही. अभ्यासात तो किती रुळला आणि तिथल्या माणसांत किती मिसळला, या दोन्हींवर ते ठरतं. 'आपण इथले आहोत' असं ज्याला वाटत नाही, त्याला पहिलं मोठं अपयश आलं की परतीची वाट जवळची वाटू लागते.

आपल्याकडचं उदाहरण घेतलं की हे लगेच पटतं. पहिल्या सत्रात दोन विषय राहिलेला मुलगा एकटा असेल तर निकाल घरी सांगायचा कसा, या विचारानं खचतो. तोच मुलगा कबड्डीच्या संघात असेल तर त्याला कळतं की वरच्या वर्गातल्या कर्णधाराचेही पहिल्या वर्षी विषय राहिले होते आणि ते नंतर निघाले. मागच्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, कोणत्या सरांना शंका विचारली तर ते मनापासून समजावतात, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज किती दिवसांत करायचा, ही माहिती संकेतस्थळावर शोधून सापडतेच असं नाही. ती चहाच्या टपरीवर, एकमेकांच्या बोलण्यातून मिळते.

दुसरी गोष्ट ओळखीपाळखीची. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर बहुधा जिवलग मित्राकडून येत नाही, ती लांबच्या ओळखीतून येते. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते. एकाच गावची, एकाच शाखेची चार मुलं खोलीत एकत्र राहिली तर जिव्हाळा भरपूर मिळतो, पण जग रुंदावत नाही. नाटकाच्या चमूत मात्र वाणिज्यचा मुलगा, भौतिकशास्त्राची मुलगी, कोथरूडमध्ये वाढलेला आणि अकोल्याहून आलेला असे सगळे महिना-दीड महिना रोज भेटतात. ज्यांच्या घरात या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं, त्यांच्यासाठी ही लांबची ओळख सोन्यासारखी असते.

'आवाज कुणाचा?'

पुण्यात विद्यार्थ्यांच्या गटजीवनाचा सगळ्यात जोमदार आविष्कार पाहायचा तर पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहावं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी अनेक दिवस चालते, त्यातून निवडक संघ अंतिम फेरीत जातात. नाटक सुरू होण्याआधी 'आवाज कुणाचा?' ही आरोळी उठते, कॉलेजचं नाव घेऊन उत्तर येतं आणि पेठेतल्या त्या गल्लीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही.

या स्पर्धेचा भर सुरुवातीपासून अभिनय, दिग्दर्शन आणि लेखनावर राहिला आहे. झगमगीत नेपथ्यानं भारून टाकायला इथे वाव कमी, त्यामुळे श्रीमंत कॉलेज आणि तालुक्याचं कॉलेज यांच्यातलं अंतर रंगमंचावर बरंच कमी होतं. संहिता नवी असेल तर लिहिणाराही बहुधा वर्गातलाच कोणीतरी असतो.

एका एकांकिकेमागचं काम जवळून पाहिलं की समजतं, हे शिक्षण किती सर्वांगीण आहे. रंगमंचावर पाच-सहा जण दिसतात, पण चमू वीस-पंचवीस जणांचा असतो. कोणी प्रकाशाच्या वेळा वहीत लिहून ठेवतो. कोणी संगीताचे तुकडे वाजवतो. कोणी जुन्या बाजारात फिरून सत्तर सालचा वाटेल असा कंदील किंवा टेलिफोन शोधतो. एक मुलगी सगळ्या सामानाची यादी सांभाळते आणि प्रयोगाआधी एकेक वस्तूवर खूण करते. पहिल्या वर्षाची मुलं खुर्च्या उचलतात, चहा आणतात, कुणाचा आवाज बसला तर खडीसाखर देतात आणि बघता बघता सगळ्यांची वाक्यं पाठ करतात. ऐन वेळी कोणी आजारी पडलं तर त्यांतलाच एखादा उभा राहतो. महाविद्यालयाकडून मिळालेले पैसे पुरत नाहीत, तेव्हा हिशेब मांडणं, दुकानदाराकडून उधारीवर कापड आणणं, प्राचार्यांना गळ घालून तालमीसाठी सभागृह रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायला लावणं, हेही याच मुलांचं काम. व्यवस्थापनाच्या वर्गात 'संघभावना' हा धडा शिकवतात. इथे ती नसेल तर पडदाच उघडत नाही.

निकाल नेहमी गोड लागतो असंही नाही. 2022 मध्ये अंतिम फेरीतल्या कोणत्याच संघाला करंडक न देण्याचा निर्णय परीक्षकांनी घेतला आणि मोठा वाद झाला. मुलं दुखावली, जाणकारांमध्ये दोन तट पडले, वर्तमानपत्रांतून चर्चा झडल्या. विद्यार्थ्यांच्या नाटकाच्या दर्जाबद्दल शहर इतक्या तावातावानं बोलतं, हीच या स्पर्धेची ताकद. मुलांनी केलेलं काम गंभीरपणे तपासलं जातं आणि ते उणं पडलं तर तसं तोंडावर सांगितलं जातं.

या वातावरणातून काय घडू शकतं याचं उदाहरण मराठी रंगभूमीला ठाऊक आहे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. एक बालरोगतज्ज्ञ झाला, दुसरा मानसोपचारतज्ज्ञ. कॉलेजच्या नाटकांतून तयार झालेल्या अशाच तरुणांच्या फळीनं 16 डिसेंबर 1972 रोजी 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं आणि 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापन केली. सगळेच काही नट-दिग्दर्शक होत नाहीत, व्हायचीही गरज नाही. करंडकाची तालीम केलेले शेकडो जण आज बँकेत, दवाखान्यात, शाळेत काम करतात आणि चारचौघांत उभं राहून बोलायला कचरत नाहीत.

पुरुषोत्तमच्या जोडीला फिरोदिया करंडक आहे. तिथे नाटकाबरोबर चित्र, शिल्प, रांगोळी, नाच, गाणं, वाद्यं असं सगळं एकाच कथेत गुंफायचं असतं. अभियांत्रिकीची मुलं त्यात हिरिरीनं उतरतात. विद्यापीठांच्या पातळीवर युवक महोत्सव असतात, राज्यातल्या विद्यापीठांसाठी 2003 पासून 'इंद्रधनुष्य' हा सांस्कृतिक महोत्सव होतो आणि 2006 पासून संशोधनासाठी 'आविष्कार' भरतं. गाणं न येणाऱ्याला, अभिनयाची आवड नसलेल्यालाही आपला प्रयोग किंवा पोस्टर घेऊन उभं राहता येईल, अशी ही जागा आहे.

सात दिवस, एक ओढा

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत आणि सुमारे 40,000 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आज देशभरात तिचे स्वयंसेवक लाखांच्या संख्येनं आहेत. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं विशेष शिबिर, असा तिचा ढाचा आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला शिबिर म्हणजे सहल वाटते. गावातल्या शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकून सगळे झोपतात. पहाटे थंडीत उठून प्रार्थना, प्रभातफेरी, पोहे किंवा उपमा आणि मग श्रमदान. वनराई बंधाऱ्याचं काम पाहा. पावसाळा सरल्यावर ओढ्याला थोडंथोडं पाणी वाहत असतं, तेच अडवायचं असतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, त्यांत माती-वाळू भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची आणि पात्रात आडव्या रचायच्या. खालच्या थरातल्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी आली पाहिजे, नाहीतर फटीतून पाणी निसटतं. फटी मातीनं लिंपायच्या. गोणी काठोकाठ भरली तर उचलत नाही आणि नीट बसतही नाही, हे पहिल्या तासाभरात सगळ्यांना कळतं. मग मुलं आपोआप रांग करतात आणि गोणी हातोहात पुढे सरकते. संध्याकाळपर्यंत पलीकडे पाणी तुंबायला लागतं. गावातल्या बायका येऊन बघून जातात. हे पाणी पुढचे काही आठवडे गुरांना आणि आसपासच्या विहिरींना उपयोगी पडतं.

अंगमेहनतीबरोबर दुसरं एक शिक्षण इथे होतं. शहरात वाढलेल्या मुलीला पहिल्यांदा समजतं की गावातल्या तिच्या वयाच्या मुलीचं बारावीनंतर लग्न का ठरलं. शेतकऱ्याच्या मुलाला, जो वर्गात इंग्रजीमुळे गप्प बसतो, इथे सगळे विचारतात की फावडं कसं धरायचं. वर्गातली उतरंड त्या सात दिवसांत उलटीपालटी होते. त्यानंतर कॉलेजात परतलेला तो मुलगा पूर्वीइतका गप्प राहत नाही.

कमवा आणि शिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मुलांनी राबून शिकावं आणि त्यात कमीपणा मानू नये, हा विचार त्यांनी वसतिगृहांतून रुजवला. पुणे विद्यापीठानं त्यांच्याच नावानं कमवा व शिका योजना चालवली आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागेत काम करणं, अशा कामाचे तासानुसार पैसे मिळतात. मेसचा खर्च त्यातून पूर्ण निघतोच असं नाही, पण घरून दर वेळी पैसे मागण्याचं ओझं हलकं होतं.

पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती हीसुद्धा याच परंपरेतली. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये ती सुरू केली, ती ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी. तिथल्या वसतिगृहांत झाडलोटीपासून अनेक कामं विद्यार्थीच वाटून घेतात. खोलीतल्या चौघांत एकजण शेतमजुराचा मुलगा आणि दुसरा शिक्षकाचा असला तरी झाडू दोघांच्याही हातात येतो.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचंही असंच. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत अशा स्पर्धा होतात आणि रोख बक्षिसं असतात. रात्रीच्या एसटीनं प्रवास करून, स्थानकावर तोंड धुऊन स्पर्धेला उभी राहणारी मुलं-मुली आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. बक्षिसाच्या पैशातून कित्येकांची फी भरली गेली आहे. पण मोठा लाभ वेगळाच. विषयाच्या विरुद्ध बाजूनं बोलायची वेळ आली की दुसऱ्याचं म्हणणं नीट समजून घ्यावंच लागतं.

तीन वर्षांची स्मृती

कोणत्याही विद्यार्थी गटाची अडचण एकच: माणसं टिकत नाहीत. पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा. मुलगा कामात मुरतो तोवर त्याची जायची वेळ येते. तरीही काही कॉलेजांचे नाट्यसंघ, काही विभागांची भित्तिपत्रकं वर्षानुवर्षं चालतात, ती सिनियर-ज्युनियरच्या साखळीमुळे. शेवटच्या वर्षाची मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हिशेबाची वही देते, कोणत्या दुकानात रोषणाईचं सामान स्वस्त मिळतं ते सांगते, मागच्या साली कुठे घोळ झाला ते सांगते. माजी विद्यार्थी तालमीला येऊन दोन गोष्टी सुनावतात आणि जाताना सगळ्यांना वडापाव खिलवतात. जिथे ही साखळी तुटते, तिथे पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून उभारावं लागतं.

याच नात्याचं विकृत रूप म्हणजे रॅगिंग. ओळख करून घेण्याच्या नावाखाली अपमान, मारहाण, धमक्या. महाराष्ट्रानं 1999 मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. 2009 मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरासाठी कडक नियम आणले. 1800-180-5522 ही राष्ट्रीय मदतवाहिनी तेव्हापासून चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असायलाच हवा. ज्या गटात सिनियरांना ज्युनियरांबरोबर काही घडवायचं असतं, तिथे धाक दाखवायची गरज सहसा पडत नाही. रिकाम्या संध्याकाळी आणि बंद खोल्या हेच रॅगिंगचं माहेरघर.

दाराबाहेर कोण राहतं

आतापर्यंत जे सांगितलं ते ज्यांना मिळालं त्यांच्याबद्दल होतं. मात्र बहुसंख्य विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, आणि त्याची कारणं स्पष्ट आहेत.

पहिलं कारण वेळ. तालीम संध्याकाळी सहानंतर असते आणि खेड अथवा मुळशीकडे जाणाऱ्या मुलीची शेवटची सोयीची बस त्याआधीच सुटते. मुलींच्या वसतिगृहाचं दार मुलांच्या वसतिगृहापेक्षा आधी बंद होण्याची रीत अनेक ठिकाणी अजून आहे. गुणवत्ता असूनही दिग्दर्शन मुलांकडे आणि वेशभूषा मुलींकडे, अशी वाटणी यातूनच पडते. जो मुलगा दुपारनंतर डिलिव्हरीचं काम करतो, त्याच्या आयुष्यात कट्ट्यावर बसण्याची मोकळीक नसतेच.

दुसरं कारण संकोच. सूचनाफलकावर 'इच्छुकांनी संपर्क साधावा' इतकंच लिहिलेलं असतं. ज्याला आपल्या बोलीची लाज वाटायला लावली गेली आहे, तो मुलगा 'इच्छुक' म्हणून पुढे येत नाही. जात, बोली, कपडे, फोनचं मॉडेल यांवरून पहिल्या आठवड्यातच गट पडतात आणि ते गट बंद होतात. कलामंडळातही नकळत ठरावीक शाळांतून आलेली मुलं भरतात.

तिसरं कारण अभ्यासक्रमाची रचना. सत्र पद्धतीत वर्षाला दोन परीक्षा, मधे अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणं. नव्या शैक्षणिक धोरणानं सांस्कृतिक उपक्रम, क्रीडा, सेवा योजना यांना श्रेयांक दिले, हे स्वागतार्ह आहे. पण श्रेयांक आला की हजेरीपट आणि अहवाल आले. फोटो काढण्यापुरतं झाड लावून श्रेयांक मिळणार असेल तर त्यातून काहीच साधणार नाही.

चौथं कारण, निर्णयात वाटा नसणं. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या कायद्यानं गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. 2006 मध्ये लिंगडोह समितीनं निवडणुका शांतपणे घेण्याची नियमावली दिली. उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा, हजेरीची अट, छापील प्रचाराला बंदी. राज्याच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, पण कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणण्याची तातडी दिसली नाही. मतदान करून सरकार निवडणाऱ्या अठरा वर्षांच्या नागरिकाला आपल्या वसतिगृहाच्या पाण्याबद्दल बोलायला प्रतिनिधी निवडता येत नाही, हे कोणत्याही युक्तिवादानं पटण्याजोगं नाही. हिंसेची भीती खरी आहे. त्यावरचा उपाय म्हणजे नीट नियमांनी निवडणूक घेणं.

या सगळ्यात भर म्हणजे अभ्यासिकांचं जग. पुण्याच्या पेठांत हजारो मुलं-मुली स्पर्धा परीक्षेसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत एका खुर्चीवर बसून असतात. वय वाढतं, पदांची संख्या मोजकी राहते आणि कॉलेजातली ती वर्षं कशी निघून गेली हे कळत नाही. शिक्षण चालू असताना जो गटात रमला, त्याला परीक्षेतलं अपयश पचवायला चार माणसं असतात. जो सुरुवातीपासून एकटाच बसला, त्याला ती नसतात.

करता येण्याजोगं

यातलं पुष्कळसं पैशांवाचून सुधारता येतं. वेळापत्रकात आठवड्यातली एक दुपार सगळ्या शाखांसाठी मोकळी ठेवली तर बस पकडणाऱ्या मुलीलाही तालमीला थांबता येईल. सूचनाफलकाऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वर्गावर्गात जाऊन नावानं बोलावलं तर संकोच निम्मा कमी होईल. वसतिगृहांच्या वेळा मुलामुलींसाठी सारख्या कराव्यात आणि रात्री परतणाऱ्यांसाठी सुरक्षित वाहनाची सोय असावी. जिमखाना आणि विद्यार्थी विकासाच्या नावानं विद्यार्थ्यांकडून जो निधी घेतला जातो, त्याचा हिशेब विद्यार्थ्यांसमोर मांडावा. रायगडाची सहल काढणारा विभाग आणि करंडक जिंकणारं कॉलेज यांची बातमी होते, पण किती मुलं कोणत्याच गटात नाहीत, ही मोजणीही प्राचार्यांनी दरवर्षी करायला हवी.

पालकांनीही फोनवर 'अभ्यास चाललाय ना?' एवढंच विचारू नये. 'कोणाकोणाशी ओळख झाली?' हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. त्याचं उत्तर आलं नाही तर काळजी करावी आणि जमल्यास एकदा जाऊन भेटावं.

आणि जो यंदा पहिल्या वर्षाला आला आहे, त्याला एवढंच सांगणं: पहिल्या महिन्यातच एक गट निवड. गाता येत नसलं तरी कलामंडळात खुर्च्या लावायला जा, धावता येत नसलं तरी संघाचा गुणफलक सांभाळ, बोलायची भीती वाटत असेल तर वादविवादाच्या तालमीला नुसतं ऐकायला बस. पुढच्या वर्षी दारात उभा असलेला नवा मुलगा दिसला की त्याला आत बोलव. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. माणसं मात्र ज्यानं त्यानं स्वतः मिळवायची असतात, आणि त्यासाठी ही तीन वर्षं अगदी योग्य आहेत.